बरडवाडीचं म्हणणं

राजेश्रीला हे काम मिळालं तेव्हा तिच्या घरच्यांना ते नीट समजलंच नाही. सहा वर्षं ती जिंतूरला बसस्टँडच्या मागच्या एका क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवत होती, ते समजण्यासारखं होतं. आता ती गावोगाव फिरून लोकांना मोबाइलवर बोलायला लावणार आणि त्याला नोकरी म्हणायचं, हे तिच्या वडलांच्या पचनी पडेना. त्यांची उभी हयात चारठाण्याच्या शाळेत गेलेली. त्यांनी एवढंच विचारलं, की लोक बोलले तर ऐकणार कोण आहे.

"सरकार," राजेश्री म्हणाली.

वडील चष्मा पुसत बसले.

काम असं होतं. धरणांच्या काठच्या जमिनींबद्दल सरकारनं एका धोरणाचा मसुदा काढला होता. उन्हाळ्यात धरण आटत जातं, काठाकाठानं ओल्या गाळाची जमीन उघडी पडते, आणि त्या गाळपेरीवर काठची माणसं टरबूज, काकडी, भुईमूग, गुरांपुरता चारा घेतात. मसुद्यात म्हटलं होतं की ही पट्टी यापुढं पक्ष्यांसाठी राखायची, पाण्यावर सौरपॅनेल तरंगवायचे, आणि काठाला कुंपण घालायचं. त्यावर लोकांनी ऑनलाइन चर्चेत आपलं म्हणणं मांडायचं होतं. काठच्या आदिवासी वस्त्या चर्चेत आल्याशिवाय चर्चा पुरी धरायची नाही, असा नियमही होता. वस्त्यांना चर्चेत आणायचं काम संभाजीनगरच्या एका संस्थेनं घेतलं आणि येलदरी धरणाच्या बाजूला राजेश्रीला नेमलं.

तिच्या वाट्याला आली बरडवाडी. पाण्यापासून हाकेच्या अंतरावर, मुरमाड उतारावर चोवीस घरं, सगळी आंध समाजाची. ही माणसं मुळात तिथली नव्हेत. त्यांचं गाव मोहदरा, खाली नदीच्या कुशीत होतं. धरणात पाणी अडलं तसं मोहदरा बुडालं आणि माणसं वर आली. "आमी वर सरकलो," असंच ती म्हणत, पंगतीत कुणाला जागा करून द्यावी तसं.

पहिल्या दिवशी राजेश्रीनं सगळ्यांना जमवून धोरण समजावून सांगितलं. लोकांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. मग मनिषा नावाच्या एका सुनेनं विचारलं, की साहेबलोकांना इथवर यायला रस्ता न्हाई का. संस्थेनं पढवलेलं उत्तर राजेश्रीनं दिलं, की राज्यभरातली माणसं एकाच वेळी एकमेकांना बघू शकतील, कुणाला दिवस मोडून मुंबईला जावं लागणार नाही. मनिषानं मान हलवली. पटलं म्हणून हलवली की विषय संपवायला, ते काही कळलं नाही.

वस्तीच्या वतीनं बोलायचं कुणी, हा प्रश्न मात्र लगेच सुटला. सगळ्यांनी मनिषाच्या सासूकडं पाहिलं. धुरपताबाई सत्तरीला टेकलेली, ठेंगणी, कपाळावर गोंदण. मोहदऱ्यात जन्मलेलं आणि ते बुडताना पाहिलेलं वस्तीत एवढं एकच माणूस उरलं होतं. शिवाय तिच्या आवाजाची पंचक्रोशीत ख्याती होती. काठावर उभं राहून तिनं "हाऽऽ ये ये ये" अशी हाक दिली की पार पलीकडच्या पाण्यात डुंबणारी म्हैस मान वर काढायची. म्हशी तिच्या नसल्या तरी यायच्या.

"इचारलं तर सांगन म्या," ती म्हणाली. "न सांगायला काय झालं."

बैठकीच्या आठ दिवस आधी संस्थेतून हरिओमचा फोन आला. हा तिथला मुख्य माणूस, गोड बोलणारा, कधी न चिडणारा. तो म्हणाला, की वस्तीची बोली मुंबईच्या लोकांना कळायला अवघड जाईल, म्हणून आपण एक सोय करतोय. बाईंचा तासाभराचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, म्हणजे त्या बोलतील तेव्हा खाली शुद्ध मराठीत अक्षरं उमटतील. त्यानं शंभर वाक्यांची यादी पाठवली आणि एक संमतीपत्र.

धुरपताबाईला वाचता येत नव्हतं. राजेश्री एक वाक्य म्हणायची आणि ती तिच्यामागून म्हणायची. वारांची नावं, आकडे, "आज पाऊस आहे", "माझं गाव बरडवाडी". मधेच "आम्हाला हे मान्य आहे". मधेच "आमची हरकत नाही". राजेश्रीच्या जिभेवर ती वाक्यं क्षणभर अडखळली. पण यादी लांब होती, ऊन वाढत होतं, आणि सव्वाची बस गेली की पुढची थेट पाचला होती. तिनं वाक्यं म्हटली आणि धुरपताबाईनंही म्हटली. शेवटी संमतीपत्रावर तिचा अंगठा घेतला.

"हे म्या कोणाला सांगायलेय?" धुरपताबाईनं विचारलं.

"कुणालाच नाही मावशी. मशीनला तुमचा आवाज ओळखीचा व्हावा म्हणून."

त्यावर ती थोडं हसली आणि म्हणाली, की आवाज ओळखीचा झाला की जनावर मागं मागं येतं.

पहिली बैठक एप्रिलच्या सुरुवातीला होती, सकाळी अकरा वाजता. बरडवाडीत रेंज यायची ती फक्त पाण्यावरच्या टेकाडावर. तिथं चार बांबूंवर ताडपत्री ताणली, स्टुलावर मोबाइल उभा केला. चौदा-पंधरा माणसं सावलीत दाटीनं बसली. मोबाइलच्या काचेवर चौकोनाला चौकोन लागून चेहरे दिसत होते. मधोमध चर्चेच्या अध्यक्ष मधुवंती मॅडम होत्या, मंत्रालयातल्या मोठ्या अधिकारी. तासाभरानं त्यांनी बरडवाडीचं नाव घेतलं. राजेश्रीनं मोबाइल धुरपताबाईपुढं धरला.

"राम राम," धुरपताबाई म्हणाली. "आमी मोहदऱ्याची माणसं."

आणि रेंज गेली. चेहरे थिजले, काचेवर गोल चक्र फिरत राहिलं. राजेश्रीनं मोबाइल उंच धरला, टेकाडाच्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली. पाचेक मिनिटं गेली असतील. मग चित्र हललं आणि आवाज आला.

"आम्हाला हे धोरण मान्य आहे. गाळपेर सोडायला आमची हरकत नाही. आम्ही आमची गुरं वर नेऊ."

तो धुरपताबाईचा आवाज होता. तोच घोगरेपणा, वाक्याच्या शेवटी तोच किंचित उचललेला सूर. काचेवर तिचा फोटो असलेला एक चौकोन उमटला होता आणि त्याखाली तिचं नाव. धुरपताबाई मात्र स्टुलापासून हातभर अंतरावर गुडघ्याला मिठी मारून बसली होती आणि तिचं तोंड बंद होतं.

ताडपत्रीखाली सगळ्यांनी आधी मोबाइलकडं पाहिलं, मग तिच्याकडं. आवाज बोलतच होता, शासनाचे आभार मानत होता. मधुवंती मॅडमनी मान डोलावून काहीतरी लिहून घेतलं. राजेश्री माइकचं बटण दाबत राहिली, पण बटणाचा रंग पालटेपर्यंत पुन्हा रेंज गेली.

धुरपताबाई उठली. तिनं तोंड उघडलं, काही म्हणायला गेली, आणि नुसता श्वास बाहेर आला. तिनं गळ्याला हात लावून पाहिला. मग कुणाकडं न बघता टेकाड उतरून घरी गेली.

राजेश्रीनं तिथूनच हरिओमला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, की अहो, रेंज जाणार हे माहीतच होतं, म्हणून एक निवेदन तयार ठेवलं होतं, बाईंच्याच आवाजात. नाहीतर बरडवाडीची जागा कोरी राहिली असती. त्यांना सामील करून घ्यायचं हेच तर आपलं काम.

"पण हे त्यांचं म्हणणं नाही."

"संमतीपत्रावर अंगठा आहे," तो म्हणाला. "तुम्हीच घेतलाय."

त्या दिवसापासून धुरपताबाईचं बोलणं बंद झालं.

चौथ्या दिवशी राजेश्री तिला जिंतूरच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यांनी घशात उजेड पाडून पाहिलं आणि सांगितलं, की नरड्यात काही दोष नाही, धक्का बसला असेल, येईल आवाज. परतीच्या एसटीत धुरपताबाई खिडकीबाहेर बघत होती. रागावलेली दिसत नव्हती. कान देऊन काहीतरी ऐकत असल्यासारखी दिसत होती.

वस्तीत मात्र लोक तिला टाळू लागले. म्हणजे प्रेमानंच वागायचे, भाकरी आणून द्यायचे, पण संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसायला कुणी येईना. साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवी, माणसाला धरतात, हे बरडवाडीला नवं नव्हतं. पण त्या धरतात ते माणूस. नुसता आवाज धरलेला कुणी ऐकला नव्हता.

मग एका दुपारी मनिषाचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती.

"मॅडम, आत्याबाईनी मला हाक मारली. काठावरून. घागर घिऊन ये म्हणल्या."

"म्हणजे बोलायला लागल्या?"

"न्हाई ना. म्या गेले तर काठावर कोणीच न्हाई. माघारी आले तर त्या दारात तूर निवडायल्यात."

मनिषाच्या मागोमाग आणखी दोघांनी तो आवाज ऐकला होता. तिघांनीही भर बाराच्या उन्हात, आणि तिघांनाही तो पाण्याच्या बाजूनं आला होता.

राजेश्रीनं स्वतःला समजावलं, की भ्याडासारखं वागू नये, ऊन डोक्यात जातं माणसांच्या. तरी दुसऱ्या दिवशी ती बरडवाडीला गेली आणि बाराच्या सुमारास एकटीच काठावर जाऊन उभी राहिली. पाणी दूर गेलं होतं. मधे गाळाचा रुंद पट्टा, वरून भेगाळलेला, पाण्याजवळ अजून काळा आणि ओला. वारा नव्हता. टिटवीसुद्धा गप्प होती. काठच्या बाभळीखाली सात-आठ म्हशी रवंथ करत बसल्या होत्या.

"हाऽऽ ये ये ये."

 हाक पाण्याकडून आली होती, लांबून, पण स्पष्ट. पाण्यावर काही नव्हतं. होडी नाही, माणूस नाही. बाभळीखाली एक म्हैस उठली. मग दुसरी. सगळ्या उठल्या, कान टवकारून, आणि एकामागं एक गाळात उतरल्या. राजेश्री ओरडली, दगड उचलून मारला, पण त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पहिली म्हैस काळ्या गाळात पोटापर्यंत रुतली, तरी मान पुढं काढून तशीच रेटत राहिली, जिकडून हाक आली होती तिकडं.

ओरडा ऐकून माणसं दोर घेऊन धावली. सात म्हशी निघाल्या, पहिली निघाली नाही. ती गाळात दिसेनाशी होईपर्यंत धुरपताबाई काठावर येऊन उभी होती. तिचे ओठ हलत होते, हाका मारायला निघाल्यासारखे, आणि आवाज फुटत नव्हता. मग ती मटकन खाली बसली. राजेश्री तिच्याजवळ गेली तेव्हा तिनं राजेश्रीचा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. आत थरथर होत होती. गळा बोलत होता.

त्या संध्याकाळी राजेश्रीनं हरिओमला लिहून कळवलं, की ते निवेदन मागं घ्या. त्याचं उत्तर आलं, की दुसऱ्या बैठकीत फक्त पहिल्या म्हणण्याला दुजोरा द्यायचा आहे, मग प्रकरण संपलं. तुम्ही फक्त माणसं जमवा, बाकी इथून होईल.

तिनं माणसं जमवली. जमवायची नाहीत असं आधी ठरवलं होतं, पण मनिषा म्हणाली की आमाला ऐकायचंय. दुसऱ्या बैठकीला ताडपत्रीखाली अख्खी वस्ती होती. दुपारचे बारा वाजत आले होते आणि त्या दिवशी रेंज कधी नव्हे इतकी चांगली होती. धुरपताबाई पुढं बसली होती.

मधुवंती मॅडमनी बरडवाडीला विचारलं, की मागच्या म्हणण्यावर तुम्ही ठाम आहात का. काचेवर धुरपताबाईच्या फोटोचा चौकोन उजळला.

"आम्हाला हे धोरण मान्य आहे," आवाज म्हणाला. "आमची हरकत..."

आणि थांबला. काचेच्या कोपऱ्यात हरिओमचा चेहरा होता. तो खाली बघून काहीतरी दाबत होता. क्षणभर नुसती खरखर ऐकू आली, पाण्याखाली दगड घासावेत तशी. मग आवाज पुन्हा आला, पण आता तो संस्थेच्या शुद्ध मराठीत बोलत नव्हता.

"नदीवरून वर यायलं की पहिलं लागतं गायमुख. तिथं उन्हाळ्यातबी पाणी. मंग सटवाईचा डोह. मंग भिकाजीचा मळा, बांधाला सात मोहाची झाडं, त्यातलं येक इजेनं जळलेलं."

तो नावं सांगत गेला, पायवाटेनं चालत असल्यासारखा, घाई न करता. कुठल्या ओढ्याला झिरा, कुठल्या माळावर माळढोक उतरायचे, कुणाचं घर कुणाच्या घराला लागून. ताडपत्रीखालची म्हातारी माणसं एकमेकांकडं बघू लागली. यातली काही नावं त्यांनी लहानपणी आईबापांच्या तोंडून ऐकली होती, काही कधीच ऐकली नव्हती.

हरिओमनं आपला लॅपटॉप मिटवलेला सगळ्यांना दिसला. त्याचा चौकोन विझला. धुरपताबाईचा चौकोन तसाच राहिला.

"कागद घिऊन माणसं आली तवा शिमगा होता," आवाज म्हणाला. "अंगठे घेतले. कागदात काय हाय ते कोणी वाचून दावलं न्हाई. आमी बरं म्हणलो. त्यायनं ते हो म्हणून लिव्हलं. बरं म्हणजे हो नसतंय, बाई."

मधुवंती मॅडम लिहायच्या थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुठून बोलताय?"

"खालून," आवाज म्हणाला. "पाणी लय हाय. पर ऐकू यायलंय ना?"

 राजेश्रीनं माइक सुरू केला, आणि मोबाइल वळवून धुरपताबाईच्या चेहऱ्यापुढं धरला. ती म्हणाली, "मॅडम, धुरपताबाई इथं माझ्याजवळ बसल्यात. तीन आठवडे त्यांच्या तोंडून शब्द निघालेला नाही. पहिल्या वेळी तुम्ही ऐकलंत ते त्या बोलल्या नव्हत्या. त्यांचा आवाज मी रेकॉर्ड करून दिला होता. त्यावरून ते बनवलं. आणि आत्ताचं कोण बोलतंय ते मला माहीत नाही."

 काचेवर एका बाजूला धुरपताबाईचा मिटलेल्या ओठांचा, उन्हानं रापलेला खरा चेहरा होता, दुसऱ्या बाजूला तिचा फोटो, आणि आवाज मोहदऱ्याच्या वेशीपासून घरं मोजत होता. तो आणखी अकरा मिनिटं बोलला. मग आपसूक थांबला.

राजेश्रीनं सगळी हकिगत लेखी दिली, स्वतःचा भाग न वगळता. संस्थेकडून काम काढून घेतलं गेलं आणि त्याबरोबर तिचीही नेमणूक गेली. हरिओमनं तिला एकदाच फोन केला. तिला वाटलं तो भांडेल. त्यानं फक्त विचारलं, की तो आवाज अजून कुणाला ऐकू येतो का. येतो म्हटल्यावर त्यानं फोन ठेवला.

मेच्या मध्याला मधुवंती मॅडम स्वतः बरडवाडीला आल्या. बरोबर एक भूमापक होता आणि धरणाच्या आधीचा जुना नकाशा. बैठकीच्या रेकॉर्डिंगमधून त्यांनी एक्केचाळीस नावं उतरवून घेतली होती. चाळीस नकाशावर सापडली होती, तीही त्याच क्रमानं. एक सापडत नव्हतं, आसरांचा पार. त्यांनी ते नाव घेतलं तेव्हा धुरपताबाईनं त्यांचा हात धरला आणि त्यांना गाळात उतरवलं. राजेश्रीला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती आली होती. ती मागं चालली.

पाणी त्या साली फार खाली गेलं होतं. भेगाळलेल्या गाळावरून धुरपताबाई सरळ चालत गेली, कुठंही न थांबता, आणि एका जागी वाकून हातानं गाळ उकरू लागली. वीतभर खाली दगडी पार लागला. पारावर सात लहान गोटे होते आणि त्यांवरचा शेंदूर लालभडक होता. भूमापकानं बोट लावून पाहिलं. बोटाला शेंदूर लागला, ओला. त्यानं बोट रुमालाला पुसलं.

तिथंच, पारापाशी, मधुवंती मॅडम गाळावर मांडी घालून बसल्या. त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला काय म्हणायचंय ते सांगा. मी थांबते."

धुरपताबाई त्यांच्यासमोर बसली. तिचे ओठ हलू लागले. काही ऐकू आलं नाही. मग, दोन श्वासांच्या अंतरानं, आवाज आला. पाण्याकडून आला, शंभर-दीडशे पावलांवरून, खराब रेंजमधून येतो तसा मागं पडलेला.

"ही भुई आमची न्हाई. पाण्याची हाय. पाणी देतंय तवा आमी घेतो, मागतंय तवा सोडतो. कुंपण घातल्यावर पाण्यानं कोणाला द्यावं?"

मॅडमनी दचकून पाण्याकडं पाहिलं. राजेश्रीला वाटलं, आता त्या उठतील. त्या उठल्या नाहीत. त्यांनी मान परत फिरवली, धुरपताबाईच्या डोळ्यांत बघितलं, आणि हलणाऱ्या ओठांकडं बघत मागून येणारे शब्द लिहून घेऊ लागल्या.  धुरपताबाईनं सांगितलं, की नांगर थांबला तर दोन सालात बेशरमाची झाडी माजंल, आणि बेशरमात करकोचा उतरत न्हाई, तो भुईमुगाच्या वावरात उतरतो. कुठल्या महिन्यात कुठली पट्टी सोडायची, कुठं मासळी अंडी घालते म्हणून जाळं टाकायचं नाही, सगळं सांगितलं. तास झाला असेल. मॅडमनी सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, की हे असंच आहे का. धुरपताबाईनं मान हलवली. तेव्हा त्यांनी अंगठा घेतला.

पावसाळ्यात धोरण आलं. बरडवाडीचं सगळंच काही ऐकलं गेलं नाही. सौरपॅनेल पलीकडच्या बाजूला येणारच होते. पण या काठाला कुंपण आलं नाही, गाळपेर राहिली, आणि एक ओळ नव्यानं घातली गेली, की काठच्या वस्त्यांची संमती वस्तीत बसून, तोंडी, माणसानं माणसापुढं घ्यावी. पडद्यावरचं म्हणणं संमती धरू नये. राजेश्रीनं ती ओळ वडलांना वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. ती पुन्हा क्लासमध्ये शिकवू लागली होती.

दिवाळीच्या आधी ती बरडवाडीला गेली. धरण तुडुंब भरलं होतं. गाळ, पार, पायवाट सगळं परत पाण्याखाली, आणि पाणी अगदी खालच्या घरांच्या जोत्याला टेकलं होतं. मनिषानं सांगितलं, की पाणी जसं चढत गेलं तसा आवाज जवळ येत गेला. आधी गाळावर, मग बाभळीपाशी, मग धुणं धुवायच्या दगडावर. आता लोक घाबरत नव्हते. म्हशींना फक्त बाराच्या सुमारास बांधून ठेवत होते.

धुरपताबाई काठावर बसली होती, पाय पाण्यात सोडून. राजेश्रीला बघून तिचा चेहरा उजळला.

"ये, बस," ती म्हणाली. ओठ हलले आणि आवाज आला, जवळजवळ एकदमच. कान देऊन ऐकलं असतं तरच मधला धागाभर उशीर कळला असता. राजेश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती शेजारी बसली. दोघी बराच वेळ बोलल्या, मनिषाच्या माहेराबद्दल, भुईमुगाच्या बियाण्याबद्दल, राजेश्रीच्या वडलांच्या मोतीबिंदूबद्दल. राजेश्रीनं तिची माफी मागितली. धुरपताबाईनं तिच्या पाठीवर हात फिरवला आणि विषय पुन्हा बियाण्यावर नेला.

निघताना राजेश्रीनं मनातलं विचारलं. "मावशी, उन्हाळ्यात पाणी परत खाली गेलं तर?"

धुरपताबाई पाण्याकडं बघत राहिली. तिचे ओठ मिटलेले होते.

"तवाचं तवा बघू," आवाज म्हणाला, त्यांच्या पायांजवळून.

आणि मग, थोड्या वेळानं, तेच शब्द म्हणत तिचे ओठ हलले.